रात्री दोन वाजता तिथे कोण असतं? वृद्धाश्रम आणि केअर सेंटर निवडताना : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं आणि मेसेज आले ते एकाच विषयावर, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला संस्थेत ठेवायचं का आणि ठेवायचं तर कुठे. त्यातली काही निवडून, थोडी कापून इथे देतेय, नावं काढून टाकलीत, गाव तेवढं ठेवलंय.

*

ताई नमस्कार, माझी आई ७८ वर्षांची. बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चार पावलं चालते पण संडास-बाथरूमला धरून न्यावं लागतं. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, ब्युरोच्या बायका टिकत नाहीत. कोणी वृद्धाश्रम सांगतं कोणी केअर सेंटर, सगळ्यांच्या फोटोत तीच बाग आणि तेच गणपतीचं देऊळ. नेमका फरक काय आणि कसं ठरवू? (ठाणे)

ताई, फरक खूप आहे आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. आपल्याकडे सगळ्यालाच वृद्धाश्रम म्हणायची सवय आहे पण साधा वृद्धाश्रम म्हणजे जिथे हिंडती-फिरती माणसं राहतात, आपली अंघोळ आपण करतात, ताट घेऊन जेवायला जातात. बऱ्याच वृद्धाश्रमांच्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं की स्वतःची कामं स्वतः करता आली पाहिजेत, आणि माणूस अंथरुणाला खिळला की घरच्यांना फोन येतो, घेऊन जा म्हणून. दुसरा प्रकार ज्येष्ठांसाठीच्या सोसायट्या, फ्लॅट घ्यायचा किंवा भाड्याने राहायचं, मेस असते, डॉक्टर ठरलेल्या वेळी येतात. तिसरा प्रकार म्हणजे केअर सेंटर किंवा शुश्रूषा केंद्र, जिथे अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, नळीतून फीड देणं हे सगळं होतं. तुमच्या आईला आज हा तिसरा प्रकार लागणार, पण कदाचित कायमचा नाही हे लक्षात घ्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिले काही महिने फिजिओथेरपी नीट झाली तर बरीच माणसं पुन्हा स्वतःची स्वतः बाथरूमला जायला लागतात, म्हणून काही केंद्रं दोन-तीन महिन्यांसाठीही घेतात ते आधी विचारा. फिजिओ रोज येतो का आठवड्यातून दोनदा, आणि तो आईला उभं करून चालवतो की बेडवरच पाय हलवून निघून जातो, हे तर नक्की विचारा. एकदम आयुष्यभराचा निर्णय म्हणून बघू नका, आईलाही तसं सांगू नका.

आता कसं ठरवायचं. बाग, देऊळ, टीव्हीचा हॉल हे सगळं छान असतं, पण तुमची आई पडली कधी आणि कुठे? म्हातारी माणसं पडतात ती बहुतेक बाथरूमला जाता-येता, अंधारात, झोपेतून उठून. त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, रात्री दोन वाजता माझी आई उठली तर तिथे कोण असेल? नाव सांगा, तो माणूस कुठल्या मजल्यावर झोपतो ते सांगा, बेल आहे का, असेल तर आत्ता माझ्यासमोर वाजवून दाखवा. दिवसा स्टाफ सगळीकडेच दिसतो हो, ऑफिसातली मॅडम, सिस्टर, मावश्या, स्वयंपाकी सगळे मिळून भरलेलं वाटतं, खरा आकडा रात्रीचा. साधा हिशोब करा. हॉलमध्ये २० झोपून असलेले पेशंट आहेत आणि रात्री एकच मावशी आहे. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दोन तास म्हणजे १२० मिनिटं, म्हणजे एका माणसाला सहा मिनिटं, त्यातच ओला डायपर बदलायचा, आणि ती मावशी रात्रभर एकदाही बसणार नाही असं धरून! ते होत नाही, होणारच नाही, ती मावशी कितीही मायाळू असली तरी. एअरबेड असतात आमच्याकडे असं सांगतील, एअरबेड चांगलाच पण तो कूस बदलण्याऐवजी नाही.

बघायला जाताना पहिल्यांदा वेळ घेऊन जा, दुसऱ्यांदा न सांगता संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला जा, जेवणं उरकून आवराआवर चालू असते तेव्हा. आत शिरल्या शिरल्या लघवीचा वास येतो का, की फिनेलचा वास इतका की डोळे चुरचुरतात, दोन्ही गोष्टी काहीतरी सांगतात. माणसांची नखं बघा, पाण्याचा ग्लास हाताला पोचेल असा ठेवलाय का की लांब टेबलावर, जेवण भरवणारी व्यक्ती बोलत भरवते की मोबाइलकडे बघत. संडासात धरायला दांडा आहे का, कमोड आहे का, फरशी ओली आहे का. आणि शक्य असेल तर तिथल्या एखाद्या आजींशी ऑफिसचं माणूस जवळ नसताना दोन मिनिटं बोला. मावश्यांनाही विचारा किती वर्षं आहात म्हणून, जिथे सगळ्याच महिन्या-दोन महिन्यांच्या आहेत तिथे काहीतरी बिनसलेलं असतं.

सिस्टर म्हणजे नेमकं कोण हेही विचारा कारण पांढरा ड्रेस घातला की सगळ्याच सिस्टर. जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेली प्रशिक्षित नर्स वेगळी आणि सहा महिन्यांचा कोर्स केलेली केअरटेकर वेगळी, केअरटेकर वाईट नाही पण इन्शुलिन द्यायला, नळी बदलायला, बीपी अचानक घसरलं तर ओळखायला नर्सच हवी.

पैशाचं. महिन्याचा जो आकडा सांगतात तो कधीच पूर्ण नसतो. डायपर, औषधं, फिजिओ, ऑक्सिजन, हॉस्पिटलला न्यायची अँब्युलन्स, सोबत जाणारा माणूस, हे आत आहे की वेगळं ते लेखी मागा. दिवसाला चार डायपर आणि एक चाळीस रुपयांना धरला तरी महिन्याला ४,८०० होतात. डिपॉझिट परत मिळणार का, किती दिवसांत, आणि महिन्याच्या मध्येच आईला हॉस्पिटलला ॲडमिट करावं लागलं किंवा देवाघरी गेली तर उरलेल्या दिवसांचं काय, हे विचारायला जीभ रेटत नाही पण विचारायलाच हवं. अजून एक, संस्था जर प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था असेल तर ६० वर्षांवरच्या माणसांच्या राहण्या-जेवण्याच्या आणि देखभालीच्या फीवर दरमहा माणशी २५,००० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही, तरी बिलात लावलेला दिसला तर विचारा.

*

वडील ८१, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, संध्याकाळ झाली की "घरी जायचंय" म्हणून दार वाजवत बसतात, दोनदा निघून गेले आणि पोलिसांनी आणून सोडलं. दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी नाही म्हटलं. तिसरे घेतो म्हणतात पण "आम्ही शांत ठेवतो, काळजी करू नका" असं म्हणाले ते मला खटकलं. मी चुकीचा विचार करतोय का? (नाशिक)

अजिबात नाही दादा, तुम्हाला बरोबर जागी खटकलंय.

शांत ठेवतो याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक म्हणजे संध्याकाळच्या त्या घालमेलीच्या वेळेला कोणीतरी त्यांच्याबरोबर आवारात फेऱ्या मारतं, हातात काहीतरी काम देतं, जुन्या नोकरीच्या गोष्टी काढतं, खोलीतले दिवे अंधार पडायच्या आधीच लावतं. दुसरा अर्थ म्हणजे गोळी देऊन झोपवतो किंवा ओढणीने खाटेला बांधतो. कुठला ते तोंडावर विचारा. डिमेन्शियाच्या माणसांना शांत करायला जी मानसिक आजारांवरची औषधं वापरतात त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो हे डॉक्टर लोकांना चांगलं माहिती आहे, शिवाय झापड येऊन माणूस पडतो ते वेगळंच. कधीकधी ती द्यावीच लागतात, मी सरसकट नको म्हणत नाहीये, पण कुठल्या डॉक्टरने लिहून दिलं, किती दिवसांसाठी, परत कधी तपासणार, हे तुम्हाला कळलंच पाहिजे आणि तुम्हाला विचारल्याशिवाय नवीन झोपेची गोळी सुरू करायची नाही हे ॲडमिशन फॉर्मवर लिहून घ्या.

बांधण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य देखभाल अधिनियम २०१७ प्रमाणे साखळीने बांधणं कुठल्याही रूपात चालत नाही, आणि शारीरिक बंधन फक्त तात्काळ इजा टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि दिशा-स्थळाचं भान बिघडण्याचाही समावेश आहे, म्हणून फक्त डिमेन्शियाच्या पेशंटसाठी चालवलेल्या केंद्राला सरळ विचारा की तुमची या कायद्याखाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात.

ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की जमणार नाही, ते बरंच आहे. निघून जाणाऱ्या माणसाला साध्या वृद्धाश्रमात ठेवणं धोक्याचं, तिथे फाटक उघडंच असतं. तुम्हाला हवी ती जागा म्हणजे बंदिस्त पण मोकळं आवार, जिथे माणूस भटकू शकतो पण रस्त्यावर जात नाही. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून यातच काम करतेय, महाराष्ट्रातही तिच्या शाखा आहेत, त्यांच्याकडे चौकशी केली तर जवळपासची केंद्रं आणि घरच्यांसाठीचे गट दोन्ही कळतील. आणि तोपर्यंत वडिलांच्या खिशात, गळ्यात, शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहून ठेवाच.

एक तातडीचं. वडिलांना अजून थोडं कळतंय, सही कशावर करतोय हे समजतंय असं डॉक्टर म्हणत असतील तर बँकेचं, नॉमिनीचं, मृत्युपत्राचं काम आत्ताच करा. पॉवर ऑफ ॲटर्नी (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करून ठेवली की झालं असं लोकांना वाटतं, पण माणसाची समज गेली की ती पॉवर ऑफ ॲटर्नीही कायद्याने संपते, मग पैसे काढायला पालक म्हणून नेमणुकीसाठी कोर्टात जावं लागतं. केअर सेंटरची फी त्यांच्याच पेन्शनमधून भरायची असेल तर बँकेत पैसे काढायची सोय आधी हवी.

*

आम्ही दोघं बहीण-भाऊ न्यू जर्सी आणि सिंगापूर. आई-बाबा पुण्यात, ७० आणि ७४, दोघंही ठणठणीत. सीनियर लिव्हिंगमध्ये फ्लॅट बुक करावा म्हणतोय, तिथे सगळं असतं ना? (पुणे / परदेश)

सगळं नसतं. पुण्यात अथश्रीसारखे ज्येष्ठांसाठीचे प्रकल्प बरीच वर्षं आहेत, सोबत मिळते, रॅम्प असतात, मेस असते, ठणठणीत माणसाला तिथे खरंच बरं वाटतं, एकटेपणा जातो ही मोठी गोष्ट. पण फ्लॅट विकत घेणं आणि सेवा विकत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, करारही बहुतेक दोन असतात. बिल्डर बांधून मोकळा होतो, सेवा देणारी कंपनी दुसरी असू शकते, ती पाच वर्षांनी बदलू शकते, दर वाढवू शकते. म्हणून सेवेचा करार आधी वाचा, दर दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार हे लिहिलंय का बघा. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, दारांची रुंदी, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, धरायचे दांडे, न घसरणारी फरशी वगैरे, नवीन प्रकल्प असेल तर त्याप्रमाणे आहे का विचारा आणि महारेरा नंबर तपासा.

खरा प्रश्न असा की दहा वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले तर? त्याच आवारात शुश्रूषेची सोय आहे, की "तुम्ही तुमची माणसं लावा" असं उत्तर आहे, की दोघांपैकी एकाला दुसरीकडे हलवायचं? नवरा एकीकडे बायको दुसरीकडे हे त्या वयात फार जड जातं. रात्री छातीत दुखलं तर कोण गाडीत बसून हॉस्पिटलला जाणार आणि ॲडमिशनच्या कागदावर कोण सही करणार, तुम्ही तेव्हा विमानात असणार. पुण्यातला एक जवळचा माणूस आधीच ठरवा, त्याला तसं विचारा, गृहीत धरू नका. त्याच्या नावाने तुम्ही पॉवर ऑफ ॲटर्नी परदेशात केली तर तो कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, बरेच जण ते विसरतात.

आणि विकत घ्यायच्या आधी दोघांना तिथेच गेस्ट रूममध्ये महिनाभर राहू द्या. निर्णय त्यांचा आहे, तुमचा नाही, हे जरा कडक वाटेल पण ठणठणीत माणसांबद्दल बोलतोय आपण.

*

मी ७२ वर्षांची निवृत्त शिक्षिका, एकटी आहे, मुलगा पुण्यात. मला स्वतःहून वृद्धाश्रमात राहायला जायचंय, पेन्शन पुरते. मुलगा म्हणतो लोक मला शेण घालतील. शिवाय घर त्याच्या नावे करून दे म्हणतो, म्हणजे नंतर कटकट नको. काय करू? (सातारा)

बाई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. स्वतः हिंडती-फिरती असताना, स्वतः बघून, स्वतः खोली निवडून जाणारी माणसं तिथे सगळ्यात चांगली रमतात. लोकांचं मुलाला सांगा की लोक रात्री तुमच्या घरी येऊन राहणार नाहीयेत. त्याला सोबत घेऊन जा बघायला, त्याच्या डोळ्यासमोर जे वृद्धाश्रमाचं चित्र आहे ते सिनेमातलं असणार.

घराचं मात्र थांबा. बक्षीसपत्र करून दिलं की घर गेलं, परत घेणं महाकठीण. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा जो कायदा आहे त्याच्या कलम २३ मध्ये सोय आहे की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर ते हस्तांतर रद्द करता येतं, पण ती अट कागदात लिहिलेली नसेल तर भांडण फार लांबतं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अशी प्रकरणं गेलीत. तुमचा मुलगा वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये. मृत्युपत्र करा, त्यात घर त्याला द्या, त्याचीही कटकट वाचते आणि तुमच्या हयातीत घर तुमचंच राहतं. वृद्धाश्रम नाही आवडला तर परत यायला दार हवं ना. भाड्याने दिलंत तर फीला हातभारही लागेल.

तिथे जाताना मात्र पुढचंही विचारा, आज मी चालते, उद्या नाही चालले तर ठेवणार का. काही संस्थांमध्ये वरच्या मजल्यावर हिंडती माणसं आणि खाली आजारी विभाग अशी सोय असते, तशी मिळाली तर बघा. आणि संस्था ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी नंबर मागायला लाजू नका, शिक्षिका आहात, कागद तपासायची सवय आहेच.

*

आमच्या शेजारच्या आजोबांना कोणी नाही, पैसेही नाहीत. त्यांना कुठे घेतील? आयुष्मान कार्डावर वृद्धाश्रम मिळतो का? (लातूर)

आयुष्मान कार्डावर वृद्धाश्रम नाही मिळत. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही, पण ते हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावरचे. तरी कार्ड काढून द्याच. निराधारांसाठी राज्यात १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आहे, शिवाय अनुदानित वृद्धाश्रमही आहेत, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फोन मोफत आहे, ते पत्ते सांगतात आणि कोणी बेवारस पडलं असेल तर मदतही पाठवतात. आणि आजोबांची जमीन वगैरे पुढे ज्याला मिळणार आहे असा पुतण्या-भाचा असेल तर मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला २००७ च्याच कायद्याखाली त्याच्याकडूनही पोटगी मागता येते, अर्ज प्रांत ऑफिसला. गोव्यातल्या एका वाचकांनीही हेच विचारलंय, तुमच्याकडे सरकारची प्रोव्हेदोरिया वृद्धाश्रम चालवते, तिथे जा.

*

आईला केअर सेंटरला ठेवून चार महिने झाले. भेटायला गेलं की "मला घरी ने" म्हणून रडते. गेल्या रविवारी दंडावर काळंनिळं दिसलं, विचारलं तर सिस्टर म्हणाल्या म्हाताऱ्यांची कातडी नाजूक असते. खरं असेल का? बोललो तर आईवर राग काढतील अशी भीती वाटते. (कल्याण)

दोन गोष्टी वेगळ्या करू. घरी ने म्हणणं हे जवळजवळ सगळेच म्हणतात, सुरुवातीचे महिने फार वाईट जातात आणि त्याचा अर्थ तिथे छळच होतोय असा नाही. तुम्ही गेल्यावर ती किती वेळ रडते, नंतर जेवते का, कोणाशी बोलते का, हे मावशीला विचारा. चार महिन्यांत वजन किती झालं ते बघा, वजन कमी होणं मला रडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

काळंनिळं वेगळं. कातडी नाजूक असते हे खरंच आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नुसतं धरलं तरी डाग पडतो. पण दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराचे डाग असतील, मनगटाभोवती वळ असेल, पाठीवर किंवा मांडीच्या आत असेल तर ते घाईने ओढल्याचं किंवा बांधल्याचं असू शकतं. तारीख दिसेल असा फोटो काढा. मग चालकांना भेटून शांतपणे विचारा की त्या आठवड्याची नोंदवही दाखवा, कधी पडली का, कोणाची रात्रपाळी होती. चांगल्या केंद्रात पडल्या-झडल्याची नोंद असते आणि घरी त्याच दिवशी फोन येतो. नोंद नसेल आणि वर तुमच्यावरच चिडले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

बोललं तर राग काढतील या भीतीने गप्प बसू नका ताई, उलट ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही त्यांची हेळसांड आधी होते. वेगवेगळ्या वेळी जात राहा, एकदा भाऊ एकदा नणंद, मावश्यांशी नावाने बोला, त्यांची विचारपूस करा. बाहेरच्या डॉक्टरांकडून आईची एकदा डोक्यापासून टाचेपर्यंत तपासणी करून घ्या, कंबरेच्या खाली आणि टाचांना बेडसोर आहेत का तेही बघतील, आणि ते काय म्हणतात ते केसपेपरवर लिहून घ्या. मारहाण किंवा बांधणं दिसलं तर थेट पोलीस, आणि १४५६७ वरही नोंदवा. तेवढं नसेल पण मनातून उतरलं असेल तर दुसरी जागा शोधायला आजच सुरुवात करा, करारात नोटीस किती दिवसांची लिहिलीय ते काढून बघा, बहुतेक ठिकाणी महिन्याची असते, आणि डिपॉझिट अडकलं म्हणून आईला तिथे अजून एक महिना ठेवू नका.